चित्र राहतं, नाव निसटतं: वयस्कर माणसाच्या आठवणीला घरात आधार कसा द्यावा

घरात पंच्याहत्तरीच्या पुढचं माणूस असेल तर एक करून पाहा. आठवडाभर "आठवतंय का?" हा प्रश्न तोंडातून काढू नका. त्याऐवजी "यातलं कुठलं?" असं विचारा.

इंदूरला लोकमान्य नगरच्या आमच्या घरात हा बदल झाला त्याला दोन वर्षं होतील. सासूबाई तेव्हा सत्त्याहत्तरच्या होत्या. "आई, भाजी काय काय आणू?" म्हटलं की त्या गप्प व्हायच्या, मग चिडायच्या, शेवटी "तुला हवं ते आण गं" म्हणून मोकळ्या. आणि दारात भाजीवाल्याचा ठेला आला की त्याच आई टोपल्यांवरून नजर फिरवून सात वस्तू निवडायच्या, वर कालचा भाव सांगून त्याच्याशी भांडायच्या. म्हणजे आठवण आत होतीच. ती वर यायला खूण लागत होती.

आधी दोन गोष्टी समजून घ्या

समोर काही नसताना आपणहून आठवणं हे एक काम, आणि समोर आलेलं 'हो, हेच' म्हणून ओळखणं हे दुसरं. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ फर्गस क्रेक यांनी हा फरक वर्षानुवर्षं अभ्यासला. वयाबरोबर पहिलं काम बरंच जड होतं, दुसरं त्या मानानं टिकतं. भोवतालातून जितकी खूण मिळेल तितकं म्हातारं माणूस तरुणाच्या जवळ येतं, असं त्यांचं म्हणणं.

ओळखण्यात चित्रांचा हात तर कुणी धरू नये. १९६७ मध्ये रॉजर शेपर्ड यांनी लोकांना सहाशेच्या वर चित्रं एकेकदा दाखवली आणि मग एक पाहिलेलं, एक नवं अशी जोडी समोर ठेवून विचारलं, पाहिलेलं कुठलं? शंभरातली ९७-९८ उत्तरं बरोबर आली. शब्दांच्या बाबतीत आकडा नव्वदीच्या आत राहिला. १९७३ मध्ये लायनल स्टँडिंग यांनी पाच दिवसांत दहा हजार चित्रं दाखवली, तरीही सुमारे ८३ टक्के ओळख बरोबर निघाली. ॲलन पेव्हिओ यांनी याचं कारण असं मांडलं की चित्र पाहिलं की मनात दोन नोंदी होतात, एक दिसण्याची आणि एक नावाची. नुसता शब्द वाचला तर बहुधा एकच. एक नोंद पुसट झाली तरी दुसरी हाताशी असते. हा फायदा म्हातारपणीही राहतो. अल्झायमरच्या सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांमध्येही तो दिसला आहे.

हे वाचून मी उत्साहानं घरभर चित्रं चिकटवली. महिन्याभरात निम्मी काढली. चित्र दोन ठिकाणी दगा देतं, ते मला नंतर कळलं.

पहिलं ठिकाण म्हणजे सारखी दिसणारी चित्रं. विल्मा कुत्स्टाल आणि डॅनियल शॅक्टर यांचा १९९७ चा अभ्यास आहे. एकाच जातीच्या वस्तूंची बरीच चित्रं दाखवली आणि मग त्याच जातीचं एक नवं चित्र पुढे केलं, तर 'हे पाहिलंय' असं वयस्कर माणसं तरुणांपेक्षा कितीतरी जास्त वेळा म्हणाली. ठोकळ रूप राहतं, बारकावा जातो.

दुसरं ठिकाण म्हणजे जोडी. गोळी ओळखीची असते, सकाळही ओळखीची असते, पण 'ही गोळी सकाळची' ही गाठ सुटते. मोशे नवेह-बेंजामिन यांनी २००० मध्ये हेच दाखवलं: सुट्या गोष्टींपेक्षा त्यांच्यातलं नातं म्हातारपणी जास्त विसरलं जातं. घरातल्या बहुतेक फजित्या या दोन जागी होतात, म्हणून पुढची मांडणी त्यांच्याभोवतीच आहे.

पायरी १: कान, डोळे, रक्त, औषधं

हे आधी. शब्द नीट ऐकूच आला नसेल तर तो विसरला कसा म्हणायचा? कमी ऐकू येणाऱ्या माणसाची सगळी शक्ती शब्द उकलण्यात जाते, साठवायला उरत नाही. कानाची तपासणी करून घ्या आणि मशीन सांगितलं तर ते कपाटात ठेवू नका. मोतीबिंदूचंही तसंच. आईंना चित्रं उपयोगी पडू लागली ती चष्म्याचा नंबर बदलल्यावर.

डॉक्टरांना विचारून ब जीवनसत्त्व १२ आणि थायरॉइड पाहून घ्या. दोन्हींची कमतरता विसराळूपणा आणते आणि दोन्हींवर उपाय आहे. शुद्ध शाकाहारी घरात बी-ट्वेल्व्ह कमी असणं नवं नाही. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन चालू असेल तर ते आणखी खाली जाऊ शकतं. मनाची उदासी आणि अपुरी झोप हीही कारणं असतात, आणि ती घरच्यांना सगळ्यात उशिरा दिसतात.

औषधांचा भाग लोक विसरतात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असतं. ते, झोपेच्या काही गोळ्या आणि लघवी आवरण्याची काही औषधं वयस्कर मेंदूला धुंद करतात. आपल्या मनानं काही बंद करू नका, पण घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवा.

पायरी २: घरची पाहणी, परीक्षा म्हणून नाही

तुमच्या घरातल्या माणसाचं नेमकं कुठे अडतं हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. लागतात फक्त चाळीस घरगुती वस्तूंची नावं. वीस वस्तूंचे फोटो मोबाइलवर काढा, उरलेल्या वीस मोठ्या अक्षरात कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहा. फोटोतली वस्तू चिठ्ठीत नको.

वेळ सकाळची ठेवा. वयस्कर माणसांचं डोकं बहुधा सकाळी जास्त तल्लख असतं. चहा झालेला, चष्मा डोळ्यांवर, टीव्ही बंद. आणि 'तुमची स्मरणशक्ती बघू' हे शब्द चुकूनही नकोत. कामाला तसं नाव दिलं की म्हाताऱ्या माणसांची कामगिरी खालावते. २००१ मध्ये रहाल, हॅशर आणि कोलकॉम यांनी फक्त सूचनेचे शब्द बदलून हे दाखवलं. मी म्हटलं, "आई, मोबाइलमध्ये फोटो नीट आलेत का बघता का?"

दहा फोटो दाखवा, प्रत्येकी चारपाच सेकंद. मग दहा चिठ्ठ्या, तशाच. वीस मिनिटं मटार सोला, गप्पा मारा. नंतर सहज विचारा, मघाशी काय काय पाहिलं? जे सांगतील ते लिहून घ्या, मदत करू नका. त्यानंतर पाहिलेले दहा फोटो न पाहिलेल्या दहांत मिसळून एकेक दाखवा आणि 'होतं की नव्हतं' एवढंच विचारा. चिठ्ठ्यांचंही तसंच.

आपल्याकडे एक गंमत होते. फोटो दुधीचा असतो आणि उत्तर येतं 'लौकी'. कोथिंबिरीला धनिया, टोमॅटोला टमाटर. उत्तर बरोबर धरा. इंदूरच्या मराठी घरात दोन भाषा एकाच फडताळात असतात, जी आधी हाती लागेल ती.

आईंनी आपणहून पाच फोटो आणि दोन शब्द सांगितले. ओळखताना दहाच्या दहा फोटो बरोबर, शब्द सात. पण न पाहिलेल्या शब्दांपैकीही चार 'होते' म्हणाल्या. हा शेवटचा आकडा जरूर मोजा. नुसतं सगळ्याला 'हो' म्हणणारं माणूस कागदावर हुशार दिसतं. ही पाहणी म्हणजे निदान नाही. कुठल्या खुणेवर भरवसा ठेवायचा, एवढंच ती सांगते.

पायरी ३: डबे आणि गोळ्या

स्वयंपाकघरात माझी चित्रं इथेच आपटली. एकसारखे स्टीलचे डबे, त्यावर मी तूरडाळीचा फोटो लावला, शेजारी चणाडाळीचा. दोन्ही पिवळे. पुढच्या फळीवर जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), धनेपूड आणि गोडा मसाला, तिन्ही तपकिरी. एका सकाळी पोह्यांवर जिरावनाऐवजी गोडा मसाला पडला आणि तो आम्ही मुकाट्यानं खाल्ला.

आता नियम असा आहे: वस्तू दिसायला वेगळ्या असतील तर चित्र किंवा पारदर्शक बरणी, आणि सारख्या दिसत असतील तर शब्द. शब्द मोठा, काळ्या शाईत, पांढऱ्या कागदावर, वळणदार अक्षरांचा सोस न करता. त्यातही सारख्या दिसणाऱ्या दोन वस्तू शेजारी ठेवायच्याच नाहीत. चणाडाळ आता खालच्या फळीवर, पितळी डब्यात आहे. चित्र आणि शब्द दोन्हीपेक्षा जागा पक्की, म्हणून एकदा ठरवलेली जागा सुनेनं बदलू नये. हे मी स्वतःलाच सांगते आहे, मला आवरायची खोड आहे.

गोळ्यांना जास्त वेळ द्या. इथे चूक महागात पडते. बीपीची गोळी पांढरी, गोल, छोटी. थायरॉइडचीही पांढरी, गोल, छोटी. त्यात केमिस्टकडे नेहमीची कंपनी संपली की तेच औषध वेगळ्या रंगाच्या पट्टीत येतं, आणि 'निळी पट्टी म्हणजे रात्रीची' ही महिनाभर बसवलेली खूण एका दुपारी मोडते. त्यामुळे रंगावर विसंबू नका. आठवड्याचे कप्पे असलेली डबी आणा आणि रविवारी दोघींनी मिळून भरा. एकटीनं भरली तर दुसऱ्या डोळ्यांची तपासणी राहते. कप्प्यावर सूर्य-चंद्र छापलेले असतात, पण सूर्य म्हणजे सकाळ की दुपार? 'सकाळ', 'रात्र' असं लिहूनच चिकटवा. पट्टी बदलली की जुनी त्याच दिवशी घराबाहेर.

डबी भरली तरी 'केव्हा' ही गाठ उरतेच. ती घड्याळाशी बांधू नका, रोज हातानं होणाऱ्या कामाशी बांधा. वाक्य ठरवा आणि ते माणसाच्या तोंडून मोठ्यानं म्हणवून घ्या: "चहाचा कप खाली ठेवला की मी डबी उघडणार." म्हणताना तो कप, ती डबी डोळ्यांपुढे आणायची. २००४ मध्ये लिंडा लिऊ आणि डेनिस पार्क यांनी घरी रक्तातली साखर तपासण्याचं काम वयस्करांना दिलं, तेव्हा असं 'केव्हा आणि कुठे' मनात रंगवून ठेवणाऱ्यांनी नुसतं घोकणाऱ्यांपेक्षा ते जास्त नेमानं केलं. चहाच्या या वाक्यातून थायरॉइडची गोळी वगळा, ती उपाशीपोटी असते. तिला दात घासण्याशी बांधा.

घेतली की नाही याचा संशय आला तर आठवणीला विचारायचंच नाही. कप्पा रिकामा आहे का, ते बघायचं.

पायरी ४: चेहरे आणि नावं

शब्दसंपत्ती म्हातारपणी फारशी कमी होत नाही. साठीपर्यंत ती वाढतही असते. अडकतो तो शब्दाचा उच्चार. अर्थ समोर उभा, माणूस समोर उभं, आणि नाव जिभेच्या टोकावर. विशेषनामं सगळ्यात वाईट, कारण त्यांना चित्र नसतं. समोरचा माणूस सुतार आहे हे आठवतं, त्याचं आडनाव सुतार आहे हे आठवत नाही. पहिल्या वाक्यात रंधा दिसतो, दुसऱ्यात काहीच दिसत नाही.

लग्नाला किंवा मुंजीला जायचं असेल तर आदल्या संध्याकाळी दहा मिनिटं काढा. जे भेटणार त्यांचे आजचे फोटो मोबाइलवर दाखवा, वीस वर्षांपूर्वीचे नकोत. एका वेळी पाच चेहरे पुरे. नाव तुम्ही सांगा, मग त्यांच्याकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. तोंडानं म्हटलेला शब्द मनात वाचलेल्यापेक्षा जास्त राहतो. मिनिटभरानं पुन्हा विचारा, मग पाच मिनिटांनी, मग पंधरा, मग जेवणानंतर. चुकलं तर लगेच बरोबर नाव सांगा, ताटकळत ठेवू नका, आणि पुढची वेळ अलीकडे घ्या. असं अंतर वाढवत नेणं सलग वीस वेळा घोकण्यापेक्षा कितीतरी बरं.

नावातून चित्र काढण्याची युक्ती पुस्तकं हौसेनं सांगतात: दिवेकर म्हणजे हातात दिवा, वगैरे. तरुणांना जमते. आईंनी दोन दिवस केली आणि म्हणाल्या, "अगं, नाव आठवायच्या आधी आता तुझा तो दिवा आठवायचा!" मी सोडून दिली. फोनमध्ये मात्र प्रत्येक नंबरापुढे चेहरा लावा. तो फुकटचा फायदा आहे.

पायरी ५: यादी रस्त्यावर ठेवा

कागद-पेन्सिल सगळ्यात चांगली, यात शंका नाही. पण कधी हाताशी कागद नसतो, आणि मन चालवायची हौसही असते. त्यासाठी पन्नास वर्षं पायाखालचा असलेला रस्ता वापरा. आईंचा रस्ता असा: रीगल चौराहा, शास्त्री पूल, गांधी हॉल, कृष्णपुरा पूल, तिथल्या होळकरांच्या छत्र्या (समाधीवरच्या इमारती), राजवाडा आणि शेवटी सराफा. सात मुक्काम. डोळे मिटून ओळीनं चालवून घ्या, दोनचार दिवस नुसतंच. १९०४ चं गांधी हॉलचं घड्याळ, राजवाड्याचा दरवाजा, थंडीतल्या सराफ्यात तळल्या जाणाऱ्या गराडूचा (एका कंदाचा) वास, हे सगळं त्यांना आपोआप दिसतं. तुम्ही बोलू नका.

मग प्रत्येक मुक्कामी एक काम ठेवा. रीगलला दूध उतू चाललंय. पुलाच्या कठड्यावर धोब्याचे कपडे वाळताहेत. गांधी हॉलच्या घड्याळाच्या काट्याला विजेचं बिल टांगलंय. छत्रीच्या कळसावर नारळ. चित्र थोडं विचित्र असावं, पण किळसवाणं किंवा फार गुंतागुंतीचं नको. एका दिवशी एकच यादी, नाहीतर कालचा नारळ आजच्या यादीत घुसतो. रस्ताही त्यांचाच हवा. तुमच्या नव्या कॉलनीचा उपयोग नाही.

या पद्धतीनं वयस्कर माणसं पूर्वीपेक्षा खूप जास्त आठवू शकतात, पण त्याच सरावानं तरुण त्यांच्याही पुढे जातात, असं बर्लिनमध्ये पॉल बाल्टेस आणि सहकाऱ्यांना दिसलं होतं. तेव्हा नातवाशी शर्यत लावू नका.

ज्यांना रस्ता जमत नाही त्यांनी चित्र काढावं. वॉटर्लू विद्यापीठातल्या २०१६ च्या प्रयोगांत शब्द लिहून काढण्यापेक्षा त्याचं वेडंवाकडं चित्र काढलेलं जास्त लक्षात राहिलं. चार सेकंदही पुरले, आणि चित्र चांगलं असण्याची गरज नव्हती. २०१८ मध्ये तोच फायदा वयस्करांतही दिसला. आईंच्या वहीतला साबण आणि चिकू मला वेगळे ओळखता येत नाहीत. त्यांना येतात.

रोजचं चालणंही यातच धरा. किर्क एरिक्सन यांच्या २०११ च्या अभ्यासात ५५ ते ८० वयाच्या १२० जणांपैकी निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीनदा चाळीस मिनिटं भरभर चालणं ठेवलं, आणि आठवणी घडवणारा मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग त्यांच्यात सुमारे २ टक्क्यांनी वाढला. एरवी त्या वयात तो दरवर्षी आकसत असतो.

जुने फोटो आताच

दहा ते तीस या वयातल्या आठवणी म्हातारपणी विशेष ठळक असतात, त्यामुळे जुना आल्बम उघडला की पूर येतो. साडीचा रंग, पंगतीतला पदार्थ, सगळं येतं. कोण, कुठे आणि कोणत्या वर्षी ही गाठ मात्र सुटत चाललेली असते. एका बैठकीत सातआठ फोटोच घ्या. मागच्या बाजूला कडेला मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहा. बॉलपेननं दाब उमटतो आणि शाई पुढच्या फोटोला लागते. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून ठेवा. दोन दिवसांनी त्याच फोटोचं वेगळं नाव सांगितलं तर वाद नको, दोन्ही लिहा आणि धाकट्या नणंदेला फोन करा.

डॉक्टरांकडे केव्हा

नाव न आठवणं, चष्मा शोधणं, खोलीत येऊन 'मी कशाला आले' म्हणणं, हे वयाचं. दहा मिनिटांत तोच प्रश्न तिसऱ्यांदा, ओळखीच्या गल्लीत वाट चुकणं, पैशांचा हिशेब अचानक न जमणं, किंवा चिमटा हातात घेऊन तो कशासाठी असतो हे न कळणं, यासाठी थांबू नका. एकदोन दिवसांत गोंधळ उडाला, माणूस असंबद्ध बोलू लागलं, तर ते विस्मरण नव्हे. लघवीचा संसर्ग किंवा सोडियम उतरणं असू शकतं, त्याच दिवशी दाखवा. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला किंवा बोबडी वळली तर सरळ हॉस्पिटल.

तिथे बहुधा मॉकासारखी (MoCA) स्मरण आणि विचारशक्ती पाहणारी एखादी छोटी चाचणी होते. त्यात पाच शब्द सांगतात आणि पाचेक मिनिटांनी विचारतात. आई दोनच सांगू शकल्या आणि त्यांचा चेहरा पडला. मग डॉक्टरांनी राहिलेल्या शब्दांसाठी खूण दिली, 'हा शरीराचा भाग होता', 'हे एक फूल होतं', आणि आणखी दोन आले. डॉक्टरांनी दोन्ही आकडे वेगवेगळे लिहिले. खूण दिल्यावर शब्द आला तर तो साठवला गेला होता, काढताना अडत होता. खूण देऊनही वारंवार काहीच येत नसेल तर साठवणच होत नसल्याची शंका येते आणि पुढच्या तपासण्या लागतात. म्हणून घरी आधी त्या शब्दांची तयारी करून घेऊ नका, आणि शेजारी बसून ओठांनी उत्तर पुरवू नका. माझ्या नवऱ्यानं पुरवलं. डॉक्टरांनी त्यांना बाहेर बसवलं.